दुपारची पाचवी रेघ

अक्षराबद्दल आधीच माफी मागते. माझी ओळ सरळ जात नाही, आणि पहिली वेलांटी कुठे नि दुसरी कुठे, हे चौथीच्या बाईंनी शिकवलं तेवढंच माझ्यापाशी आहे. त्यातलंही निम्मं विसरले. पण हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. मुलगा-सून कामाला आणि नात कॉलेजला गेली की दुपारी घरात मी एकटी असते. तेव्हा नातीच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं घेऊन बसते आणि ती यायच्या आत कपाटात साड्यांखाली सारते. चार माणसांत मला बोलता येत नाही. लहानपणापासूनच नाही. दुकानात सुट्टे पैसे कमी आले तरी मी मुकाट घरी येते आणि मग दिवसभर मनात भांडत बसते.

परवा नात फोनवर मैत्रिणीला गणित समजावत होती. मोठ्याने, जशा हल्लीच्या मुली बोलतात तशी. "अगं वेडी, पाण्यावर कलेक्ट केलाय ना गॅस? मग आधी वाफेचं प्रेशर मायनस कर ना यार! तू सगळं गॅसच धरून बसलीस, म्हणून उत्तर जास्त येतंय तुझं." मी भेंडी चिरत होते. माझा हात थांबला. नातीने बघितलं. "आजी, काय झालं? बोट कापलंस?" मी म्हटलं, "हो गं, जरासं." कापलं नव्हतं. मला राग आला होता. त्या पोरीचा काय दोष? ती अभ्यास करत होती. पण "उत्तर जास्त येतंय" हे शब्द मी माझ्या आईच्या पगारात मोजलेले आहेत, आणि तो राग इतक्या वर्षांत गेलेला नाही हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा आम्ही जोगेश्वरीला राहायचो, पूर्वेला, आरेच्या बाजूला. एका तबेल्याच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यातली शेवटची आमची. बाबा गिरणीत होते तोवर लालबागला मामांकडे जागा होती. गिरणी बंद पडली, मामांचं तोंड फिरलं, आणि आम्ही इथे आलो. बाबा एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. त्यांचं बोलणं गिरणीबरोबरच बंद पडल्यासारखं झालं होतं. आई तबेल्यात शेण काढायची, गोठा धुवायची. त्याचा थोडा पगार मिळायचा आणि वर शेण फुकट. त्याच्या शेण्या थापून आम्ही अर्ध्या चुलीत घालायचो, अर्ध्या विकायचो. पहाटे जाग यायची ती म्हशींच्या साखळ्यांनी आणि बादलीत पडणाऱ्या दुधाच्या धारांनी. भिजवलेल्या पेंडीचा आंबूस वास अंथरुणाला, केसांना, बाबांच्या युनिफॉर्मला सगळीकडे. दुधाच्या समुद्राकाठी राहून आमच्या चहात मात्र दूध नसायचं. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, कांद्यावर परतलेला सुका जवळा, हे आमचं खाणं. जवळा परतला की शेजारच्या हिराकाकू आपल्या दारातून ओरडायच्या, "वैनी, आमका नको का गो?" आणि आई वाटीभर नेऊन द्यायची. हे मुद्दाम लिहिते. त्याच हिराकाकू पुढे काय बोलल्या ते खाली येईलच.

माझी शाळा चौथीत सुटली. पास झाले होते, चांगले मार्क होते. आई म्हणाली, "आता पुरे. दादाक शिकूंदे." माझा दादा वसंत माझ्याहून चार वर्षांनी मोठा. फी, पुस्तकं, वह्या दोघांच्या झेपत नव्हत्या आणि गोठ्यात आईला दुसरे हात हवे होते. मी रडले नाही, भांडले नाही. आता वाटतं, भांडायला हवं होतं. आईशी नाही, तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. दादाशी भांडायला हवं होतं, कारण त्याने एकदाही मान वर करून "तिलाही जाऊ दे" म्हटलं नाही. तो वाईट होता असं नाही. मुलगा शिकतो आणि मुलगी शेण काढते हे त्याला सूर्य उगवण्यासारखं वाटत होतं.

दादा बारावी सायन्सला गेला तेव्हा शेठने गोबर गॅस बसवला. शेठ म्हणजे तबेल्याचा आणि आमच्या खोल्यांचा मालक. विहिरीसारखा खड्डा, त्यात शेण कालवून ओतायचं, आणि वर एक भलीमोठी लोखंडी टाकी पालथी घातलेली. टाकीचा काठ पाण्यात बुडलेला असायचा म्हणजे गॅस बाहेर निसटत नसे. खाली गॅस झाला की टाकी हळूहळू पाण्यातून वर यायची. वापरला की खाली बसायची. लहान पोरं तिला म्हैस म्हणायची. पोट फुगलं, पोट बसलं. टाकीच्या अंगावर तांबड्या रंगाच्या रेघा मारल्या होत्या. चूल पेटवायच्या आधी टाकी कुठल्या रेघेला आहे आणि विझवल्यावर कुठल्या, यावरून कोणी किती गॅस जाळला ते कळायचं. शेण आता शेठचं, शेण्या बंद. बदल्यात ओळीतल्या प्रत्येक खोलीला दिवसाला चार रेघा फुकट. त्यावर गेलात तर रेघेमागे पैसे, आणि आईच्या बाबतीत ते पगारातून कापायचे.

रेघा वाचायचं काम दादाला मिळालं. सायन्सचा पोरगा आहे, हिशेब चोख ठेवील, असं शेठ म्हणाला. बदल्यात त्याची कॉलेजची फी शेठ भरणार होता. दादा कॉलेजला जायच्या आधी पहाटेच्या रेघा वाचायचा, अकराला परत आला की दुपारच्या, मग संध्याकाळच्या. गोठ्याच्या भिंतीवर काळा फळा होता, त्यावर तो खडूने सगळ्यांची नावं आणि आकडे लिहायचा. काय सुंदर अक्षर होतं त्याचं. मी शेणाचे हात मागे धरून ते बघत उभी राहायचे. मला अभिमान वाटायचा. हेही लिहिते, कारण खरं आहे.

गॅस एका वेळी एकाच खोलीला सोडायचे, म्हणजे कोणाच्या किती रेघा ते कळेल. प्रत्येकीला एक तास. जुन्या भाडेकरूंनी पहाटेचे आणि संध्याकाळचे तास घेतले. पहाटेचा पहिला हिराकाकूंचा. आम्ही सगळ्यांत शेवटी आलेलो, आम्हाला उरलेला तास मिळाला, भर दुपारचा. आई म्हणाली, "बरा झाला, वसंत कालेजातून येता तेवा ऊन ऊन जेवतलो." बाबांचा डबा आदल्या दुपारचा जायचा. धूर मात्र गेला. आईचे डोळे चुलीच्या धुराने कायम लाल असायचे, ते पांढरे झालेले मी पहिल्यांदा बघितले. निळ्या ज्योतीवर पहिली भाकरी टाकली तेव्हा ती लाजून हसली होती, नव्या नवरीसारखी.

थंडीत सगळं ठीक चाललं. कधी चार रेघा, कधी किंचित वर. मग ऊन तापायला लागलं आणि आमच्या रेघा वाढल्या. तेवढाच भात, तेवढीच पिठी, तेवढ्याच भाकऱ्या, आणि फळ्यावर आमच्या नावापुढे पाच. आईने डाळ रात्री भिजत घालायला सुरुवात केली, लवकर शिजावी म्हणून. भाकऱ्या कमी केल्या. एक भाजी बंद केली. तरी पाच. ज्योतही धड नसायची. मधेच फुरफुर करायची, पिवळी व्हायची, विझायची. पाइपमध्ये पाणी साठायचं. आई रोज पाइपच्या खालच्या टोकाचं बूच काढायची आणि पेलाभर कुबट पाणी मोरीत ओतायची. पगार हातात आला तेव्हा आईने तो दोनदा मोजला आणि डब्यात ठेवला. पुढच्या महिन्यात आणखी कमी.

आणि मग बोलणं सुरू झालं. आधी पाठीमागे, मग समोर. तबेल्यात सगळ्यांसमोर हिराकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्या घरात आठ माणसं. आमका चार रेघा पुरतात. हेंच्यात चार माणसं नि पाच रेघा? लपून डबे विकता ही. मी सांगतंय, कारखान्यात नवऱ्याबरोबर डबे धाडता."

"देवाशपथ नाय," आई म्हणाली.

"मग खय जाता गॅस? तुझ्या पोटात?"

बायका हसल्या. दुसरी एक म्हणाली, "हळूच कोणाला तरी सोडत असेल पाइप लावून. गरीब चेहऱ्याचीच माणसं असं करतात."

शेठ खाटेवर बसून चहा पीत होता. त्याने दादाला हाक मारली. "वसंत, इकडे ये. हिशेब तू करतोस. तुझ्या आईचा हिशेब बरोबर आहे की चुकीचा? सबके सामने बोल."

दादा फळ्यापाशी उभा होता. त्याने फळ्याकडे बघितलं, आईकडे नाही. "बरोबर आहे," तो म्हणाला.

त्याच्या वाचण्यात चूक नव्हतीच. टाकी पाच रेघा उतरायची, त्याने पाच लिहिल्या. पण आईची मान जी खाली गेली, ती मी बघितली. पोटच्या पोराने चार माणसांत तिला चोर ठरवलं होतं, आणि आपण तसं केलं हे त्याला कळलंही नव्हतं. त्या दिवसापासून जवळ्याची वाटी बंद झाली. हिराकाकूंनी मागितली नाही, आईने दिली नाही.

दादा तेव्हा प्रॅक्टिकलची तयारी करत होता. तो मराठी शाळेतला आणि कॉलेजात सगळं इंग्रजी, म्हणून तो इंग्रजी वाक्य घोकायचा आणि मग त्याचं मराठी स्वतः करून पुन्हा घोकायचा, मोठमोठ्याने, येरझाऱ्या घालत. पहाटे गोठ्यात जाताना माझ्या कानावर पडायचं, "पाण्यावर गोळा केलेल्या वायूचे आकारमान काढताना पाण्याच्या वाफेचा दाब वजा करावा." मला अर्थ कळत नव्हता, पण आरतीसारखं पाठ झालं होतं. हे वाक्य म्हणत म्हणत तो टाकीपाशी जायचा, रेघ वाचायचा, फळ्यावर लिहायचा, आणि पुन्हा तेच वाक्य म्हणत परत यायचा. त्याच्या पुस्तकातला वायू काचेच्या नळीत असायचा, कॉलेजच्या स्वच्छ टेबलावर. आमचा वायू शेणाचा. दोन्ही एकच असतील हे त्याच्या मनात आलंच नाही. आणि कसं येणार? शाळा म्हणजे गोठ्यातून बाहेर पडायची वाट असंच त्याला आम्ही सगळ्यांनी शिकवलं होतं.

प्रॅक्टिकल झालं त्या दुपारी तो उड्या मारत घरी आला. आई मोरीपाशी उकिडवी बसून पाइपमधलं पाणी काढत होती, मी पेला धरला होता. तो चपला काढता काढता सांगायला लागला. "झकास गेलं आई! नेमका माझा पाठ असलेला प्रयोग आला. बाहेरून आलेले सर एकदम खडूस. विचारतात, नळीत गॅस किती? मी आकडा सांगितला. म्हणाले, हा सगळा गॅसच का? मी म्हटलं, नाही सर, खाली पाणी आहे, त्या पाण्याची वाफ पण आत असते, ती वजा करायची. म्हणाले, पाणी गरम असेल तर? म्हटलं, वाफ जास्त, आणि गॅस पण फुगतो, म्हणून नळी भरलेली दिसते पण खरा गॅस..."

तो थांबला. एक चप्पल पायात, एक हातात. तो पेल्याकडे बघत होता. मग दाराबाहेर, उन्हात तापलेल्या त्या टाकीकडे. दुपारी तिला हात लावला तर कातडी सोलून निघेल इतकी तापायची ती. पुन्हा पेल्याकडे बघितलं, आणि तो हसायला लागला. खो खो हसला. भिंतीला टेकून हसला.

"हसतस कित्याक?" आई म्हणाली.

"अगो आई, तू पाण्याचे पैसे भरतस! पाण्याचे! पाच रेघांतला गॅस चारच रेघांचा आहे. बाकी सगळी वाफ नि फुगवटा. हे बघ ना, इथे पाइप थंड आहे, इथे येऊन वाफेचं परत पाणी होतं. हे पेल्यात आहे ना, ह्याचे शेठ पैसे कापतो!"

त्याला समजलं याचा त्याला आनंद झाला होता. पुस्तकातली गोष्ट समोर दिसली याचा. मी समजू शकते, शिकलेल्या माणसाला तसा आनंद होत असेल. पण त्याच्यासमोर जी बाई उकिडवी बसली होती तिला महिनाभर ओळीत कोणी हाक मारली नव्हती. ते हसू मला अजून ऐकू येतं. भाऊबीजेला दादा मुलुंडहून येतो, जेवण झालं की मुलांना ही गोष्ट सांगतो. "आमच्या आईने पाण्याचे पैसे भरले बरं का!" सगळे हसतात. मी पानं उचलायला लागते. ह्या वर्षी तर माझ्या सुनेने त्याला ती परत सांगायला लावली.

आई मात्र हसली नाही. तिने पेला खाली ठेवला, हात पुसले. "मगे चल. शेठाक सांग."

दादाचं हसू गेलं. "आत्ता?"

"मगे कधी?"

"आई, लेखी परीक्षा तोंडावर आली. शेठ फी भरतो माझी. त्याला सांगू तुझं माप खोटं आहे? उद्या म्हणेल जा, दुसरा बघतो. वाट लागेल माझी. रिझल्ट लागू दे, मग सांगतो. पक्का सांगतो."

"तोपर्यंत मी चोर?"

"चोर कोण म्हणतं गं? लोक दोन दिवस बोलतात, विसरतात."

आईने त्याला वाढलं. गरम भात, वर पिठी. तो जेवला.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः तो पेला घेऊन हिराकाकूंच्या दारात गेली. मी मागे उभी. "ह्या बघ हिरा. ह्या पाणी रेघेत धरतत. गॅस नाय, पाणी आसा ता." हिराकाकूंनी पेल्यात डोकावून बघितलं, नाक धरलं आणि मागे वळून ओरडल्या, "आयकलात काय? गॅसात पाणी घालतत म्हणे!" तिकडून कोणीतरी म्हणालं, "दूधवाल्याकडे राहून राहून बाईला सगळीकडे पाणीच दिसतं!" तबेलाभर हशा. गवळीसुद्धा हसले. आईला वाक्य पुरं करता येईना. ज्याला येत होतं तो घरात पाय पसरून घोकत बसला होता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की त्याची पुस्तकं नेऊन त्या खड्ड्यात टाकावीत आणि वर शेण ओतावं.

ऊन वाढत गेलं. दादाच्या परीक्षा झाल्या, रिझल्टला वेळ होता. आमच्या रेघा पाचाच्याही वर जायला लागल्या. एका संध्याकाळी शेठने सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की असं चालणार नाही, आमचा गॅस बंद, आणि महिनाअखेर खोली खाली करा. चोराला खोली द्यायची तर उद्या सगळेच चोरतील. बाबा तिथेच होते, टोपी हातात धरून. ते जमिनीकडे बघत होते. दादा फळ्यापाशी खडू घेऊन उभा. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आता बोलेल. आता तरी बोलेल. तो खडू बोटांत फिरवत होता.

आणि माझ्या तोंडून निघालं, "वेळ बदला!"

इतक्या जोरात निघालं की जवळची म्हैस बिचकली. हिराकाकू म्हणाल्या, "अगो बाय माझे, ही मुकी बोलता!" मला पुढचं काही समजावता येत नव्हतं, वाफ आणि दाब यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की दुपार वाईट आहे. "काकूंना दुपार द्या," मी म्हटलं, "आम्हाला पहाट द्या. मग बघा." आणि मला रडू फुटलं.

"मी कित्याक घेऊ दुपार?" हिराकाकू म्हणाल्या.

शेठला गंमत वाटली. त्याला वाटलं, चोरी उघडी पडेल. "ले लो ना बाई, आठवडाभर. तुमच्या चार रेघा आहेत ना? दुपारी पण चारच होतील. बोलो, डर कशाला?"

पहिल्याच दिवशी हिराकाकूंच्या नावापुढे दादाला पाच लिहावे लागले. आमच्यापुढे चार. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी हिराकाकू टाकीपाशी उभ्या राहून किंचाळत होत्या, "हो मेलो डोळे झाकून वाचता! आयशीक वाचवता!" त्यांनी आपल्या नवऱ्याला रेघ वाचायला उभं केलं. त्यानेही पाचच वाचल्या. आठवडा संपायच्या आधी त्या आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत, चौकटीला धरून उभ्या राहिल्या. माफी त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. म्हणाल्या, "वैनी, तुमची वेळच वाईट होती गो."

"वेळ नाय हिरा," आई म्हणाली. "माप वाईट होता."

मग शेठने दादाला विचारलं, हे असं का? आणि दादा बोलला. आता धोका नव्हता, सगळ्यांना कळलंच होतं. खडू घेऊन त्याने फळ्यावर टाकी काढली, पाणी काढलं, वाफ काढली, वजाबाकी मांडली. फाडफाड बोलला. सगळे तोंड उघडे ठेवून ऐकत होते. शेठ हुशार माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वा. आणि हे तुला कधीपासून माहीत?"

दादा फळा पुसायला लागला.

"प्रॅक्टिकलपासून," मी म्हटलं. दुसऱ्यांदा बोलायला तितकं जड गेलं नाही.

शेठ हसला. "म्हणजे पोराला माहीत होतं आणि आईचे पैसे कापून देत होता! मग मी कशाला परत देऊ? रेघा ह्याने वाचल्या, हिशेब ह्याने केला. बाई, तुझ्या पोराकडूनच घे." खोली राहिली. कापलेला पगार शेठने परत दिला नाही, कधीच नाही. ज्याने आमच्या शेणावर, आमच्या वाफेवर पैसे घेतले, तो चुकीसाठी दादाकडे बोट दाखवून मोकळा झाला, आणि सगळ्यांना ते बरोबर वाटलं. माझा निम्मा राग ह्या माणसावर आहे. तो मेला तरी आहे.

घरी आल्यावर आईने दादाला सांगितलं, "पैसे तू देवचे."

"मी?" दादा ओरडला. "मी कुठून देऊ? आणि चूक शेठची आहे, माप त्याचं!"

"शेठ परको," आई म्हणाली. "तू माझो."

बाबा कोपऱ्यात विडी ओढत होते. वर्षभरात न बोललेला माणूस बोलला, "दे तिचे."

दादा पास झाला. पुढे शिकायचं त्याच्या मनात होतं, पण शेठने फी बंद केली आणि तो घाटकोपरला एका औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागला. तिथे तो दिवसभर नळ्या धुवायचा आणि आकडे लिहायचा. शिक्षण रात्रीच्या कॉलेजात पुरं केलं, तो भाग वेगळा. पगार झाला की आईच्या हातात थोडे ठेवायचा. आई घ्यायची. ना "असू दे रे" म्हणाली, ना "राहू दे, तुला लागतील." हिराकाकूंना ते बघवेना. "पोरगो तो, किती पिडशील?" असं एकदा म्हणाल्या. आई म्हणाली, "माका पिडलो तेवा खय होतस?" त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही. दादा आईशी तुटक बोलायचा, आई त्याच्याशी पूर्वीसारखीच बोलायची. पैशापुरतीच ती वेगळी बाई व्हायची. मला तिची भीती वाटायची आणि तिच्याकडे बघत राहावंसंही वाटायचं.

शेवटचे पैसे द्यायचे राहिले त्या दिवशी दादाने खिशातून नोटा काढल्या तर आईने हात पुढे केला नाही.

"हंय नको. तबेल्यात चल."

"आई, घरात घे ना. तिथे कशाला तमाशा?"

"जंय 'बरोबर आहे' म्हटलंस, थंय दी."

धारा काढायची वेळ होती. बायका शेण गोळा करत होत्या, शेठ खाटेवर. आई फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. दादाची मान खाली, कान लाल झालेले. त्याने सगळ्यांसमोर एकेक नोट तिच्या तळहातावर ठेवली. मी दोन पावलं मागे, हातात शेणाची पाटी. बादल्यांत धारांचा आवाज चालू होता.

शेठ हसत म्हणाला, "काय रे वसंत, आईला पगार देतोस?"

"पगार नाय, शेठ," आई म्हणाली. "माझेच आसत."

तिने नोटा मोजल्या. एक जास्त होती, बहुधा दादाने मुद्दाम टाकली असेल. ती तिने त्याच्या खिशात परत घातली, बाकीच्या पदराच्या टोकाला बांधून गाठ कसली आणि दादाला म्हणाली, "फिटले. चल, जेवूक चल."